रेकॉर्डिंगच्या तोंडावर ऑडिओ इंटरफेस बिघडला, तर दोष कसा शोधायचा

सोलापुरातले बरेच छोटे स्टुडिओ म्हणजे राहत्या घरातली एक खोली असते. लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी), एक कंडेन्सर माइक, एखादा डायनॅमिक माइक आणि भिंतींना टांगलेल्या जाड चादरी. आषाढी जवळ आली की भजनी मंडळं अभंग रेकॉर्ड करायला येतात, गड्ड्याच्या यात्रेआधी सिद्धरामेश्वरांची भक्तिगीतं होतात, तेलुगू आणि कन्नड गाणीही याच खोल्यांत होतात. येणारी माणसं पाळी बदलून, दुकान बंद ठेवून येतात. बुवांचा गळा तापला की पुढचा तास-दीड तास सोन्याचा असतो. तो वेळ वायरींशी झटापट करण्यात गेला तर परत मिळत नाही.

म्हणून हा लेख एका नेमक्या वेळेसाठी आहे. उद्या सकाळी दहाला मंडळ येणार आहे आणि आज संध्याकाळी इंटरफेस नीट चालत नाही.

इंटरफेस जळाला हे अनुमान सगळ्यांत शेवटी काढावं, असं माझं ठाम मत आहे. माइकपासून हेडफोनपर्यंतच्या वाटेत केबल, सॉकेट, फँटम (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी ४८ व्होल्टची वीज), गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण), यूएसबी, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर आणि वीज एवढे टप्पे आहेत. दोष बहुधा यांतल्याच एखाद्या स्वस्त टप्प्यात निघतो. तो शोधायची शिस्त एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम बघायचा, फरक पडला नाही तर ती गोष्ट होती तशी करून पुढे जायचं. घाईत केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलले आणि आवाज आला, तर दोष कशात होता ते कळत नाही. मग तीच खराब केबल उद्या पुन्हा वापरात येते.

हात लावण्याआधी

स्पीकरचा आवाज पूर्ण खाली आणा, फँटम बंद करा, हेडफोन कानावरून काढा. तपासताना एखादी पिन निसटली की जो धमाका होतो, तो कानालाही वाईट आणि स्पीकरलाही. सगळ्या बटणांचा आणि सॉफ्टवेअरमधल्या ऑडिओ सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे मूळ जागेवर परत येता येईल.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्या आहेत: साधा डिजिटल मल्टिमीटर, खात्रीची एक एक्सएलआर केबल (तीन पिनांची, माइकची), डेटा जाणारी दुसरी यूएसबी केबल, दोन्ही टोकांना पाव इंची जॅक असलेली छोटी केबल, एक डायनॅमिक माइक आणि वायरचा हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन तपासणीला अजिबात घेऊ नका. त्यातला आवाज मुळातच उशिरा येतो आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता.

आता लक्षण नीट पाहा. संगणकाला इंटरफेस दिसतच नाही, दिसतो पण आवाज येत नाही, आवाजाबरोबर हम (सततची जाड गुणगुण) किंवा खरखर येते, की आवाज तुटतो आणि सूर बदलतो? या चार तक्रारींची कारणं वेगळी आहेत. आपली तक्रार कोणती ते ठरल्यावरच पुढे जा.

संगणकाला दिसत नाही

आधी यूएसबी केबल बदला. इंटरफेसवरचा दिवा लागला म्हणजे केबल चांगली, असं समजू नका. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींत फक्त वीज वाहते, डेटाच्या तारा नसतातच. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी. स्टुडिओत एक-दीड मीटर पुरते.

मग पोर्ट बदला. मध्ये हब असेल तर काढून थेट लॅपटॉपला जोडा. यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, यूएसबी ३.० मधून ९००. त्याच हबवर माउस, पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क लावलेली असेल, तर इंटरफेसच्या वाट्याला कमी वीज येते. मग तो कधी दिसतो, कधी गायब होतो. हब हवाच असेल तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला घ्या.

तरीही दिसला नाही, तर इंटरफेस दुसऱ्या संगणकाला किंवा ओटीजी केबलने मोबाइलला जोडा. बहुतेक आधुनिक इंटरफेस वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतील असे बनवलेले असतात. मात्र काहींना मोबाइलची वीज पुरत नाही, तिथे मध्ये वीज देणारा हब लागतो. ही एक चाचणी अर्धा प्रश्न सोडवते. तिकडे चालला तर इंटरफेस शाबूत आहे आणि दोष तुमच्या संगणकात आहे. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आहे का बघा, ते उपकरण अनइन्स्टॉल करा, संगणक रीस्टार्ट करा, कंपनीचाच ड्रायव्हर पुन्हा टाका. मॅकवर नवीन ड्रायव्हर टाकल्यावर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन त्याला परवानगी द्यावी लागते. ती राहून जाते. फर्मवेअर (इंटरफेसच्या आतलं सॉफ्टवेअर) मात्र आदल्या संध्याकाळी अपडेट करू नका. मध्येच वीज गेली तर चांगला इंटरफेसही अडकून बसतो.

दिसतो, पण आवाज नाही

इथे वाट मधोमध कापा. गेन अर्ध्यावर ठेवून माइकवर बोला आणि इंटरफेसवरचा इनपुटचा दिवा पाहा. दिवा हलतो, तर माइक, केबल आणि प्रीअँप (इंटरफेसमधला माइकचा आवाज वाढवणारा भाग) ठीक आहेत. दोष पुढे सॉफ्टवेअरमध्ये किंवा ऐकण्याच्या बाजूला आहे. दिवा हलत नाही, तर दोष मागे आहे आणि सॉफ्टवेअर उघडायची गरजच नाही.

मागे दोष असेल तर कंडेन्सर काढून डायनॅमिक माइक लावा. त्याला फँटम लागत नाही. डायनॅमिक बोलला आणि कंडेन्सर गप्प राहिला, की संशय फँटमवर. पहिल्यांदा केबलचं टोक बघा. एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला पाव इंची जॅक असलेली केबल आपल्याकडे सर्रास वापरात असते, मंडपातल्या साउंड सिस्टिमची सवय म्हणून. इंटरफेसच्या जोड-सॉकेटात (एक्सएलआर आणि जॅक दोन्ही घेणाऱ्या) ती बसते, पण जॅकचा मार्ग लाइन किंवा गिटार इनपुटकडे जातो आणि तिथे फँटम पोहोचत नाही. कंडेन्सरला दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेलीच केबल हवी.

केबल बरोबर असेल तर फँटम मोजा. केबलचं एक टोक इंटरफेसला, माइककडचं टोक मोकळं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, २०० च्या रेंजला. पिन १ आणि २ मध्ये मोजा, मग १ आणि ३ मध्ये. दोन्हीकडे सुमारे ४८ व्होल्ट दिसायला हवेत. ४४ ते ५२ पर्यंत चालतं. एका पिनवर ४८ आणि दुसऱ्यावर शून्य, तर केबलमधली एक तार तुटलीय. दोन्हीकडे शून्य, तर खात्रीच्या केबलने पुन्हा मोजा. दोन्हीकडे तीसच्या आसपास, तर यूएसबीची वीज कमी पडतेय. थेट पोर्टला किंवा वीज देणाऱ्या हबला जोडून पुन्हा मोजा. प्रत्येक वेळी केबल काढण्याआधी फँटम बंद करून थोडं थांबा. रिबन माइक (आत पातळ धातूची पट्टी असलेला नाजूक माइक) असेल तर त्या चॅनेलवर फँटम लावूच नका.

केबलची स्वतंत्र तपासणी मल्टिमीटरच्या बीपवर होते. १ ला १, २ ला २, ३ ला ३ वाजलं पाहिजे आणि एकमेकांत काहीच वाजता कामा नये. तपासताना केबल दोन्ही टोकांजवळ हलवा. तार बहुधा सोल्डरच्या जागी, कनेक्टरच्या आतच तुटते.

दिवा हलत असूनही ऐकू येत नसेल, तर इंटरफेसवरचं मिक्स किंवा डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारं) बटण कुठल्या टोकाला आहे ते पाहा. ते पूर्ण संगणकाच्या बाजूला असेल आणि ट्रॅकवर मॉनिटरिंग बंद असेल, तर गायकाला स्वतःचा आवाज येणारच नाही. ट्रॅकला मोनो इनपुट निवडलाय ना, हेही बघा. स्टिरिओ निवडलं की बुवांचा आवाज एकाच कानात येतो आणि सगळे हेडफोनला दोष देतात. विंडोजमध्ये मायक्रोफोनच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप्सची परवानगी बंद असली, तर सगळं जागेवर असूनही ट्रॅक कोरा राहतो. मोठ्या अपडेटनंतर ही जागा आधी बघावी. ब्राउझरमध्ये एखादी मीटिंग उघडी असेल तर तीही इंटरफेस धरून ठेवते.

हम, गुणगुण आणि सोलापूरची वीज

या भागाला जास्त वेळ द्या. पेठांतल्या जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं आणि पूर्व भागात शेजारच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांच्या मोटारी चालू असतात.

पहिला प्रश्न: आवाज हवेतून येतोय की तारेतून? गेन आहे तसाच ठेवून, फँटम बंद करून, माइकची केबल इंटरफेसकडून काढा. आवाज थांबला तर तो माइक किंवा केबलमार्गे येत होता. मग खिडकी उघडून कान द्या. मागाची खटखट, कूलरची घरघर, फ्रिजचा कॉम्प्रेसर हे सगळं कंडेन्सर माइक इमानाने टिपतो. हा बिघाड नव्हे. माइक तोंडाजवळ आणा, गेन कमी करा, माइकची पाठ त्या भिंतीकडे करा, किंवा डायनॅमिक वापरा.

केबल काढूनही हम राहिला, तर लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. यूएसबीवर चालणाऱ्या इंटरफेसचा हा मोठा फायदा आहे: चार्जर काढला आणि हेडफोनवर ऐकलं, की तुमचा घरच्या विजेशी संबंधच उरत नाही. हम तिथल्या तिथे गेला, तर इंटरफेस निर्दोष आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्‌झवर घुमणारा जाड हम बहुतेकदा अर्थिंगचा किंवा ग्राउंड लूपचा (उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने होणाऱ्या फेऱ्याचा) असतो. माउस हलवला की बदलणारी बारीक किणकिण यूएसबीच्या विजेतून येते. तिथे पोर्ट बदलून किंवा वीज देणारा हब लावून बघा.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील आणि माइकच्या जाळीला हात लावला की हम कमी-जास्त होत असेल, तर अर्थिंगवर दाट संशय घ्या. थ्री-पिन सॉकेटमध्ये एसी व्होल्ट मोजले तर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर एक-दोन व्होल्ट दिसावेत. फेज-अर्थमध्ये आकडा डळमळला किंवा खूप कमी आला, तर अर्थ जोडलेलाच नाही. सॉकेटमध्ये मोजायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या. चार्जरची किंवा स्पीकरची अर्थची पिन कापून हम घालवायचा उपाय कुणी सुचवला, तर मुळीच ऐकू नका. हम जाईल, पण उद्या त्याच माइकला ओठ लावून एक माणूस गाणार आहे.

तात्पुरता चांगला उपाय म्हणजे लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्सटेन्शन बोर्डवर घेणं. त्याने लूप लहान होतो. कीबोर्ड जोडल्यावरच हम येत असेल तर मध्ये डीआय बॉक्स (वाद्य आणि इंटरफेस यांच्या मध्ये लावायची छोटी पेटी) घालून त्याचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ऑडिओ केबलमधलं ग्राउंड तोडणारं बटण, दाबा. एलईडीचे डिमर, मोबाइलचे चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर एकेक करून बंद करत ऐका.

वीज गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की काही घरांत एकदम कर्कश भुणभुण सुरू होते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा तो स्वभाव आहे. साइन वेव्हवाल्यात हा त्रास बराच कमी असतो. रेकॉर्डिंगच्या सकाळी लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, मग महावितरणची वीज असो वा नसो, टेक पूर्ण होतो.

तडतड: कधी होते ते ऐका

तडतड कधी होते, यावरून ती कुठून येते ते कळतं. केबल हलवली की होत असेल तर केबल किंवा सॉकेट. गेन फिरवताना होत असेल तर आतल्या पॉटमध्ये (बटणामागच्या फिरत्या भागात) धूळ आहे; इंटरफेस बंद करून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, बऱ्याचदा उद्यापुरतं काम भागतं. जॅक आणि पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. गंज सोडवायचा नेहमीचा तेलकट स्प्रे आत मारू नका.

टाळ वाजला किंवा पखवाजावर जोराची थाप पडली की तेवढ्यापुरतंच फुटत असेल, तर ते क्लिपिंग आहे, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटतोय. भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये हे फार होतं, कारण तपासणीच्या वेळी बुवा हळू गुणगुणतात आणि गजरात सगळे टाळ एकदम पडतात. गेन लावताना मंडळाला गजरच म्हणायला सांगा आणि मीटरवरचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आणखी कमी ठेवलं तरी काही बिघडत नाही. गेन अगदी खाली आणूनही फुटत असेल तर पॅड (येणारा आवाज कमी करणारं बटण) दाबा किंवा टाळकऱ्यांना दोन पावलं मागे बसवा.

कुणी गात नसतानाही अधूनमधून टिक-टिक येत असेल, तर संगणक वेळेत डेटा देऊ शकत नाहीये. बफर (संगणक एका खेपेला आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) वाढवा. ४८ किलोहर्ट्‌झवर २५६ सँपलचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे सुमारे २१. रेकॉर्डिंगला इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरत असाल तर ५१२ किंवा १०२४ ठेवायला काहीच हरकत नाही, गायकाला उशीर जाणवत नाही. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा, विंडोजमध्ये पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर आणा आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. एएसआयओ फोर ऑल (कुठल्याही इंटरफेसला चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर) निवडलेलं असेल तर ते सोडून कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर निवडा. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये कोणता ड्रायव्हर अडवतोय ते दाखवतं.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. आवाज नको म्हणून पंखा बंद, कूलर बंद, खोली बंद. अशात लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि पहिला अभंग स्वच्छ जाऊन तिसऱ्यात तडतड सुरू होते. लॅपटॉप गादीवर न ठेवता खालून हवा खेळेल असा उंचावर ठेवा, इंटरफेस त्याच्या अंगावर ठेवू नका, आणि दोन टेकच्या मध्ये पंखा लावा. उन्हाळ्यात सत्र सकाळी लवकर घेणं सगळ्यांत उत्तम.

सूर चढला किंवा उतरला

रेकॉर्डिंग ऐकताना सगळं किंचित वेगात आणि चढ्या सुरात वाटलं, तर सँपल रेट (आवाजाची सेकंदाला किती वेळा नोंद होते तो आकडा) जुळलेला नाही. ४४.१ किलोहर्ट्‌झवर घेतलेला आवाज ४८ वर वाजला की साधारण दीड अर्धस्वर वर जातो: पांढरी एकमध्ये गायलेला अभंग काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी लागतो आणि पेटीवर जुळतच नाही. उलट झालं तर तेवढाच खाली. इंटरफेसचं कंट्रोल पॅनेल, सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट आणि विंडोजचं साउंड सेटिंग (मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप) तिन्हीकडे एकच आकडा ठेवा. व्हिडिओ बनणार असेल तर ४८ ठेवा.

शेवटची चाचणी

सगळं करूनही संशय फिटत नसेल तर इंटरफेसला स्वतःचाच आवाज ऐकवा. डायरेक्ट मॉनिटर बंद, ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद, स्पीकर बंद, इनपुट लाइनवर, गेन सगळ्यांत खाली. मागच्या आउटपुट १ मधून पाव इंची जॅकची केबल इनपुट १ ला लावा. सॉफ्टवेअरमधून १ किलोहर्ट्‌झचा सूर सोडा आणि तो नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मग इनपुट २, मग आउटपुट २. सूर स्वच्छ परत आला तर तेवढे इनपुट-आउटपुट धडधाकट आहेत. एकच इनपुट मुका निघाला, तर उद्या दुसऱ्यावर काम करा आणि मुक्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून ठेवा. ही चाचणी लाइनचा मार्ग तपासते. माइकच्या प्रीअँपची खात्री डायनॅमिक माइकनेच होते.

किती वेळ द्यायचा, आणि मग काय

आदल्या संध्याकाळी दीड-दोन तास द्या. सकाळी मंडळ आल्यानंतर दोष उपटला तर वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. त्या वेळेत तोंड लपवून लॅपटॉपमध्ये डोकं घालू नका. सरळ सांगा: ‘बुवा, मशीनमध्ये थोडी अडचण आहे, वीस मिनिटं द्या. तोवर पेटीवर चाल पक्की करून घ्या.’ तालीम होते, गळा तापतो, आणि कुणाचा जीव टांगणीला लागत नाही.

वीस मिनिटं संपली की पर्यायाकडे वळा. हातात धरायचा स्टिरिओ रेकॉर्डर मिळाला तर मंडळाला अर्धगोलात बसवा, बुवा पुढे, पेटी बाजूला, पखवाज थोडा मागे, टाळ सगळ्यांत मागे, आणि रेकॉर्डर बुवांच्या छातीच्या उंचीवर समोर ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. भजन मुळातच एकत्र बसून गायची गोष्ट आहे; एका जागी नीट ठेवलेल्या रेकॉर्डरवर त्याचा रंग कधी कधी वेगवेगळ्या ट्रॅकपेक्षा चांगला उतरतो. रेकॉर्डर नसेल तर मोबाइलच्या साध्या रेकॉर्डिंग अ‍ॅपवर, एअरप्लेन मोड लावून, निदान चालीची पक्की नोंद घ्या. गावातल्या दुसऱ्या स्टुडिओवाल्याशी उसनवारीचा संबंध ठेवावा. आज तुम्ही मागाल, उद्या तो मागेल. पुण्यात कुणी ओळखीचं असेल आणि दुपारीच दोष पक्का कळला असेल, तर संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने येणाऱ्या माणसाच्या हाती इंटरफेस रात्रीपर्यंत सोलापुरात पोहोचू शकतो. दोष आदल्या दिवशीच शोधायचा तो एवढ्यासाठी.

दुरुस्तीला देताना

खराब निघालेली केबल लगेच बाजूला काढून तिला गाठ मारा, म्हणजे घाईत पुन्हा हातात येणार नाही. सोल्डर जमत असेल तर टोक कापून नव्याने जोडा.

इंटरफेसच दोषी ठरला आणि वॉरंटी शिल्लक असेल तर तो स्वतः उघडू नका. तक्रारीत नुसतं ‘चालत नाही’ असं लिहू नका. कोणत्या इनपुटवर, फँटम किती व्होल्ट, किती केबली बदलून पाहिल्या, दुसऱ्या संगणकावर काय झालं, आउटपुट इनपुटला जोडून केलेल्या चाचणीत काय आलं, हे सगळं चार ओळींत लिहा. एवढी माहिती असली की ‘आमच्याकडे तर चालतोय’ म्हणून तो तसाच परत यायची शक्यता कमी होते. खालच्या बाजूच्या अनुक्रमांकाचा आणि बिलाचा फोटो स्वतःकडे ठेवा, आणि दोष फक्त तुमच्याच यूएसबी केबलबरोबर दिसत असेल तर ती केबलही पेटीत घाला.